रूहचे वजन करणारे आणि रूहला कुलूप लावणारे

आपल्या समाजात रूहविषयी बोलणाऱ्यांचे दोन गट आहेत. पहिला गट सांगतो की विज्ञानाने रूह सिद्ध केली आहे, तिचे वजन एकवीस ग्रॅम भरते आणि कुरआनने हे सारे चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. दुसरा गट सांगतो की रूहविषयी विचारूच नये, कारण अल्लाहने त्यावर पडदा टाकला आहे आणि जास्त विचारणाऱ्याचे ईमान डळमळते. वरवर पाहता हे गट एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. प्रत्यक्षात अनेकदा तो एकच माणूस असतो. सकाळी तो एकवीस ग्रॅमचा संदेश दहा गटांत पुढे पाठवतो आणि संध्याकाळी मुलाने रूहविषयी काही विचारले की त्याला गप्प बसवतो.

मी गेली अनेक वर्षे उर्दू आणि मराठी शिकवते. तफसीर लिहिण्याचा अधिकार माझा नाही आणि तसा माझा दावाही नाही. पण शब्द कसा वाचावा, तो कोणत्या वाक्यात आला आहे, त्याच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे, हे मुलांना शिकवणे हाच माझा व्यवसाय आहे. सहावीच्या मुलाला मी सांगते की संदर्भ सोडून शब्दाचा अर्थ लावू नकोस. तेच मी मोठ्यांना सांगू पाहते आहे. हा केवळ शब्दांचा वाद असता तर मी तो वर्गापुरता ठेवला असता. पण या दोन्ही गटांच्या बोलण्याची किंमत आपल्या घरातली आजारी माणसे मोजत आहेत, म्हणून हे लिहिणे आले.

एकवीस ग्रॅमची कथा

हा आकडा कुठून आला ते आधी पाहू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात डंकन मॅकडूगल नावाचा डॉक्टर होता. मरणासन्न रुग्णांना खाटेसकट मोठ्या तराजूवर ठेवून मृत्यूच्या क्षणी वजन घटते का, हे त्याने पाहिले आणि १९०७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्ण किती होते? फक्त सहा. त्यातील दोघांची मोजमापे त्याने स्वतःच बाद धरली. उरलेल्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. एका रुग्णाचे वजन पाऊण औंस घटले, म्हणजे सुमारे एकवीस ग्रॅम. तेवढाच आकडा जगभर फिरला. त्याने पंधरा कुत्र्यांवरही हाच प्रयोग केला आणि त्यांच्या वजनात काहीच फरक पडला नाही. म्हणून कुत्र्याला आत्मा नाही, असे त्याने मानले.

आता विचार करा. सहा रुग्णांपैकी एकाच्या आकड्यावर दहावीचा विद्यार्थीसुद्धा प्रयोगवहीत निष्कर्ष लिहिणार नाही. आणि हा निष्कर्ष घटकाभर खरा धरला तरी तो इस्लामच्या बाजूचा कसा होतो? प्राण्यांमध्ये रूह नसते, असे आपल्या उलेमांनी कुठे म्हटले आहे? जनावराला विनाकारण ठार मारण्याबद्दल, उपाशी ठेवण्याबद्दल हदीसमध्ये सक्त ताकीद आहे, कारण तोही जीव आहे. म्हणजे ज्या प्रयोगाने आपण ईमान पक्के करायला निघालो, तो विज्ञानातही टिकत नाही आणि दीनमध्येही बसत नाही.

दुसरे उदाहरण सूरह अलकच्या शेवटच्या भागातील 'नासिया' या शब्दाचे. नासिया म्हणजे कपाळावरचे केस, झुलपे. नमाज पढणाऱ्याला अडवणाऱ्या उद्दाम माणसाला तिथे इशारा दिला आहे की तो थांबला नाही तर त्याला त्या खोट्या, पापी झुलप्यांनी धरून ओढले जाईल. आता चित्रफितींमधले वक्ते सांगतात की हा मेंदूच्या पुढच्या भागाचा उल्लेख आहे, कारण खोटे बोलण्याचे काम तिथे होते आणि हे विज्ञानाला आत्ता कळले.

ज्याला थोडीही भाषा येते त्याला इथे थांबावेसे वाटेल. अरब लोक घोड्याला आणि कैद्याला झुलप्यांनी धरत. झुलपे हातात येणे म्हणजे माणूस पुरता ताब्यात येणे. मराठीत आपण 'त्याची शेंडी माझ्या हातात आहे' असे म्हणतो, तेव्हा कोणी शेंडीखालच्या मेंदूचे छायाचित्र काढायला जात नाही. शिवाय सूरह हूदमध्ये असे आले आहे की असा एकही चालता जीव नाही ज्याची नासिया अल्लाहच्या हाती नाही. तिथे मेंदूचा पुढचा भाग हा अर्थ लावला तर मुंगीचे काय करायचे? एका ठिकाणी सोयीचा अर्थ घ्यायचा आणि दुसऱ्या ठिकाणी गप्प राहायचे, याला अर्थ लावणे म्हणत नाहीत.

ही टीका मी नव्याने करते आहे असेही नाही. चौदाव्या शतकात अंदलूसच्या इमाम शातिबी यांनी सांगून ठेवले की कुरआन ज्यांच्यावर प्रथम उतरला त्यांना त्या शब्दांतून जे समजत होते त्याच्या चौकटीत तो समजून घ्यावा, प्रत्येक काळाच्या विद्या त्यात कोंबू नयेत. विसाव्या शतकात इजिप्तमध्ये तन्तावी जौहरी यांनी अनेक खंडांची तफसीर लिहून त्यात वनस्पती, प्राणी, ग्रहगोल सगळे आणले. त्याच इजिप्तमध्ये अमीन अल्‌-खूली यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी व पुढे पत्नी झालेल्या आएशा अब्दुर्रहमान यांनी या पद्धतीला ठाम विरोध केला. आएशाबाई 'बिंतुश्शाती' या नावाने लिहीत. त्यांचे म्हणणे सरळ होते: कुरआनचा एखादा शब्द समजायचा असेल तर तो कुरआनमध्ये जिथे जिथे आला आहे ती सगळी ठिकाणे एकत्र ठेवून वाचा. आपण रूह या शब्दाबद्दल तेवढेच करून पाहू.

कुलूप कोणी लावले?

दुसऱ्या गटाचा सगळा भर सूरह बनी इस्राईलच्या ८५व्या आयतीवर असतो. लोक पैगंबरांना (स.) रूहविषयी विचारतात; उत्तर मिळते की रूह माझ्या रब्बच्या अम्रपैकी आहे आणि तुम्हाला ज्ञान थोडेच दिले गेले आहे. झाले, चर्चा संपली, असे सांगून आपण मुलाला बसवतो.

पण आयतीत 'विचारू नका' हे कुठे आहे? लोक तुम्हाला विचारतात, तुम्ही सांगा, या धाटणीच्या आयती कुरआनमध्ये अनेक आहेत. चंद्राच्या कलांविषयी विचारतात, दारू आणि जुगाराविषयी विचारतात, पर्वतांचे काय होईल असे विचारतात. त्या प्रश्नांना उत्तरे मिळाली. प्रश्न विचारल्याबद्दल तिथे कोणाला झापलेले नाही, आणि इथेही नाही. राहिला थोड्या ज्ञानाचा मुद्दा. थोडे म्हणजे शून्य नव्हे. ज्याच्याकडे थोडे आहे त्याने आणखी मिळवायचे असते, म्हणून तर सूरह ताहामध्ये पैगंबरांनाच (स.) ज्ञान वाढावे अशी दुआ शिकवली आहे.

आता संदर्भ पाहा. या आयतीच्या थोडे आधी, ८२व्या आयतीत, कुरआन ईमानवाल्यांसाठी शिफा आणि रहमत असल्याचे आले आहे. लगेच नंतर ८६व्या आयतीत असे आहे की अल्लाहने ठरवले तर तुमच्याकडे पाठवलेली वही तो परत नेऊ शकतो. त्यानंतर माणसे आणि जिन्न एकत्र आले तरी असा कुरआन आणू शकणार नाहीत, हे आव्हान आहे. मागे कुरआन, पुढे कुरआन आणि मध्येच अचानक माणसाच्या शरीरातल्या जिवाची चर्चा कुठून येईल?

हा प्रश्न मौलाना मौदूदी यांनी 'तफहीमुल कुरआन'मध्ये उघडपणे घेतला आहे. त्यांचे मत असे की या आयतीतील रूह म्हणजे वही, किंवा वही आणणारा फरिश्ता. यासाठी ते कुरआनमधल्या ज्या जागांकडे बोट दाखवतात, त्यांत सूरह शूराची ५२वी आयत आहे. तिथे पैगंबरांकडे (स.) अम्रपैकी एक रूह पाठवल्याचा उल्लेख आहे आणि तो वहीबद्दलच आहे. जुन्या मुफस्सिरांमध्येही हे मत होते. जिब्रीलसाठी 'रूहुल अमीन' हा शब्द कुरआनमध्येच आहे. मौदूदींच्या राजकीय विचारांशी माझे जमत नाही. पण १९०३ साली आपल्या औरंगाबादेत जन्मलेल्या या माणसाने संदर्भ बघून अर्थ लावला, हे मान्य करायला काय हरकत आहे? ज्यांच्या घरात 'तफहीम'चे सहाही खंड काचेच्या कपाटात आहेत, त्यांनी निदान एवढी टीप काढून वाचावी.

आणि समजा, इथे रूह म्हणजे माणसाची रूहच आहे, असा दुसरा अर्थ घेतला. तोही मोठ्या मुफस्सिरांनी घेतलेला आहे. तरीही कुलूप लागत नाही. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये कल्ब, रूह, नफ्स आणि अक्ल या चार शब्दांचे अर्थ वेगवेगळे करून समजावले. इब्ने कय्यिम यांनी रूहवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इब्ने सीनांनी तर कल्पना करायला सांगितली की एक माणूस हवेत तरंगत निर्माण झाला, डोळे झाकलेले, हातपाय एकमेकांना स्पर्श न करणारे; त्याला शरीराची काहीच खबर नाही, तरी 'मी आहे' हे त्याला कळेल की नाही? एक हजार वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आजही जगातल्या विद्यापीठांत तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवतात. आपल्या मुलांना तो आपल्याकडून कळत नाही. आपण त्यांना एकवीस ग्रॅम देतो.

रूह, नफ्स आणि आपली मराठी

मराठी वाचकासाठी इथे एक वेगळी अडचण आहे. आपण रूहचे भाषांतर सरसकट 'आत्मा' असे करतो. आत्मा हा शब्द कोरा नाही. मराठी माणसाच्या कानावर तो गीता आणि ज्ञानेश्वरीच्या परंपरेतून येतो. तिथे आत्मा जन्मत नाही, मरत नाही, देह बदलतो. तो विचार त्या परंपरेत सुसंगत आहे आणि आदराने समजून घेण्यासारखा आहे. पण कुरआनमधली रूह वाचताना तोच अर्थ नकळत चिकटला की गोंधळ होतो. इस्लामच्या मुख्य परंपरेत रूह ही निर्माण केलेली आहे. इब्ने कय्यिम हे ठासून सांगतात. आदमच्या मातीत अल्लाहने आपल्या रूहपैकी फुंकले, यातला 'आपल्या' हा शब्द सन्मानाचा आहे, जसे आपण अल्लाहचे घर म्हणतो, किंवा कुरआन सालेह (अ.) यांच्या सांडणीला अल्लाहची सांडणी म्हणतो. अल्लाहचा एखादा तुकडा तुटून माणसात आला, असा त्याचा अर्थ उलेमांनी घेतला नाही. सूफींमध्ये वेगळे बोलणारे झाले, तो वाद जुना आणि मोठा आहे. पण वाद आहे हे तरी कळले पाहिजे. एका शब्दाचे भाषांतर करून आपण तो वादच पुसून टाकतो.

'नफ्स'चे हाल याहून वाईट आहेत. उर्दूत आपण नफ्स म्हणजे केवळ वासना, हवस अशा अर्थाने वापरतो. 'नफ्सका गुलाम' हा शब्दप्रयोग प्रत्येक घरात आहे. पण कुरआनमध्ये एका नफ्सपासून सगळी माणसे निर्माण झाली. एका नफ्सची नाहक हत्या म्हणजे सगळ्या माणुसकीची हत्या. प्रत्येक नफ्स मृत्यूची चव घेणार. एक नफ्स दुसऱ्या नफ्सच्या कामी येणार नाही. इथे सगळीकडे वासना हा अर्थ घालून पाहा, हसू येईल. नफ्स म्हणजे जीव, माणूस, 'स्वतः'. वाईटाकडे ओढणारी नफ्स, स्वतःला बोल लावणारी नफ्स आणि शांत झालेली नफ्स या तीन वेगळ्या वस्तू नाहीत. एकाच माणसाच्या जाणिवेच्या त्या तीन अवस्था आहेत. सूरह शम्समध्ये नफ्सची शपथ घेऊन सांगितले आहे की तिला बरे आणि वाईट दोन्हींची जाण दिली आहे. ज्याला आपण मराठीत 'आतला आवाज' म्हणतो, तो इथे आहे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी आतल्या लढाईवर 'योगसंग्राम' मराठीत रचला, तेव्हा त्यांना या विषयासाठी शब्द कमी पडले नाहीत. आपल्याला मात्र 'आत्मा' आणि 'वासना' या दोनच शब्दांत सगळे बसवायचे असते.

आधुनिक भाष्यकारांनी काय केले?

आधुनिक काळात हा प्रश्न नव्याने मांडणाऱ्यांत अल्लामा इक्बाल यांचे नाव आधी घ्यावे लागेल. त्यांची शायरी आपण पाठ करतो. त्यांची व्याख्याने फार थोडे लोक वाचतात. १९२९च्या सुमारास मद्रास, म्हैसूर, हैदराबाद, अलिगढ येथे दिलेली ही इंग्रजी व्याख्याने १९३० मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यातले चौथे व्याख्यान माणसाची खुदी, तिचे स्वातंत्र्य आणि अमरत्व यांवर आहे. इक्बाल तिथे खंत व्यक्त करतात की कुरआनने प्रत्येक माणसाच्या एकमेवपणावर इतका भर दिला, तरी मुस्लिम विचारवंतांनी माणसाच्या जाणिवेच्या एकतेचा प्रश्न कधी मनावर घेतला नाही. मुतकल्लिमीनांनी रूहला एक सूक्ष्म पदार्थ मानून विषय मिटवला. इक्बाल 'खल्क' आणि 'अम्र' या दोन कुरआनी शब्दांकडे वळतात. खल्क म्हणजे घडवणे, अम्र म्हणजे दिशा देणे. रूह अम्रपैकी आहे, याचा अर्थ ते असा लावतात की माणसाचे 'मी'पण ही ठेवलेली वस्तू नसून दिशा असलेली कृती आहे. ते माझ्या निर्णयांत, माझ्या ओढीत, माझ्या प्रयत्नांत दिसते. अमरत्व हे आयते मिळत नाही, कमवावे लागते, असेही ते म्हणतात. हे शेवटचे मत सर्वांना पटणारे नाही, मलाही ते पूर्ण पटत नाही. पण यात कुठे तराजू नाही आणि कुठे कुलूपही नाही.

दुसरे नाव फजलुर्रहमान यांचे. पाकिस्तानात त्यांच्या लिखाणावरून गदारोळ झाला, १९६८ मध्ये त्यांना पद सोडावे लागले आणि पुढे त्यांनी शिकागो येथे अध्यापन केले. कुरआनच्या मुख्य विषयांवरचे त्यांचे पुस्तक १९८० मध्ये आले. त्यात ते म्हणतात की शरीर एक आणि आत्मा दुसरा, अशी माणसाची दोन तुकड्यांत फोड कुरआन करत नाही. नफ्स म्हणजे तो माणूस स्वतः, त्याची अंतर्गत व्यक्ती. शरीर म्हणजे पिंजरा आणि रूह म्हणजे पक्षी, ही आपल्या वाझांमधली आणि कव्वालीतली उपमा गोड आहे, पण ती बरीचशी ग्रीक तत्त्वज्ञानाच्या वाटेने आलेली आहे.

कुरआन स्वतः शरीर आणि जाणीव किती जवळ ठेवतो ते पाहा. सूरह हजमध्ये आणि सूरह नहलमध्ये म्हातारपणाच्या अशा अवस्थेचा उल्लेख आहे की जाणता माणूस सगळे जाणूनही काही न जाणणारा होतो. ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंश झालेली आजी आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पन्नास वर्षे नमाज पढलेली बाई रकात विसरते, मुलाला ओळखत नाही. तिची रूह कमजोर झाली का? तिचे ईमान गेले का? शरियतचे उत्तर तयार आहे. झोपलेला, अजाण मूल आणि ज्याची अक्ल ठिकाणावर नाही असा माणूस, या तिघांवरून लेखणी उचलली आहे, अशी मशहूर हदीस आहे. म्हणजे जबाबदारी ही शुद्धीवर आणि अक्लवर ठरते, आणि अक्ल आजाराने जाऊ शकते, हे फिकहने पहिल्यापासून धरून ठेवले आहे.

किंमत कोण मोजतो?

आता मूळ दुखण्याकडे येते. माझ्या एका वर्गात एक मुलगा होता. वुजू करायला गेला की अर्धा अर्धा तास परत यायचा नाही. हात पुन्हा पुन्हा धुवायचा, सालटे निघेपर्यंत. नमाजची नियत पुन्हा पुन्हा बांधायचा. घरच्यांनी ठरवले की हा शैतानाचा वसवसा आहे, रूह कमजोर झाली आहे. तावीज झाले, दम केलेले पाणी झाले. डॉक्टरकडे जायला दोन वर्षे गेली. मानसोपचारतज्ज्ञाने पहिल्याच भेटीत आजाराचे नाव सांगितले, औषध आणि समुपदेशन सुरू केले, आणि काही महिन्यांत तो मुलगा पाच मिनिटांत वुजू करू लागला. त्याची नमाज औषधाने सुटली नाही, सुधारली. दोन वर्षे गेली ती कोणाच्या खात्यावर लिहायची?

रूहला कुलूप लावणारे म्हणतात, मनाचे दुखणे म्हणजे रूहचे दुखणे, त्यात डॉक्टरचे काय काम? रूहचे वजन करणारे म्हणतात, जिक्रने मेंदूच्या लहरी बदलतात हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे, मग गोळी कशाला? दोन वाटा, पण दोन्ही एकाच दारात येऊन थांबतात, आणि ते दार दवाखान्याचे नसते.

आपली परंपरा अशी नव्हती. अबू जैद अल्‌-बल्खी हे ९३४ मध्ये वारले. शरीर आणि नफ्स या दोघांच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला आणि त्यात राग, भीती, दुःख आणि वसवसा यांची वेगवेगळी चिकित्सा केली. कारण माहीत असलेले दुःख आणि कारण सापडत नसलेले दुःख यांत त्यांनी फरक केला. कैरोत १२८४ मध्ये सुलतान कलावूनने उभारलेल्या शिफाखान्यात मनोरुग्णांसाठी वेगळी सोय होती. खुद्द इमाम गझालींची १०९५ मध्ये बगदादेत अशी अवस्था झाली की शिकवायला बसले तर जीभ चालेना, अन्न गिळेना. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. वैद्य बोलावले गेले आणि वैद्यांनी सांगितले की हे दुखणे मनातून शरीरात उतरले आहे. हुज्जतुल इस्लाम म्हणवल्या गेलेल्या माणसाची ही गोष्ट. त्यांना कोणी कमजोर ईमानाचे म्हटले नाही. याकूब (अ.) यांचे डोळे मुलाच्या दुःखाने पांढरे झाले, हे कुरआनमध्ये आहे. मरयम (अ.) यांनी वेदनेत मरण आले असते तर बरे, असे म्हटले, हेही कुरआनमध्ये आहे. पैगंबरांच्या घरात दुःख आले तर ते दुःख, आणि आपल्या सुनेला बाळंतपणानंतर उदासी आली तर तो जिन्न?

६ ऑगस्ट २००१ ही तारीख आपल्याला माहीत असायला हवी. तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली. आत मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण मरण पावले, कारण त्यांना पळता आले नाही. आज २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई आहे. तरी आपल्या महाराष्ट्रातही साखळीची जागा खोलीच्या कडीने घेतलेली मी पाहिली आहे. दुसरीकडे गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ एकत्र चालवण्याचा प्रयोग झाला. मुजावर रुग्णाला दुआही देतात आणि शेजारी बसलेल्या डॉक्टरकडेही पाठवतात. याने कोणाच्या अकीद्याला धक्का लागला?

माझ्यावर येणारे दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्या उलेमांचा: तुम्ही रूहला मेंदूत विरघळवत आहात. तसे नाही. मेंदूला इजा झाली की माणूस बदलतो, हे खरे. १८४८ मध्ये अमेरिकेत फिनिअस गेज या रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी सळई आरपार गेली. तो वाचला, पण त्याच्या ओळखीचे लोक म्हणू लागले की हा तो गेज राहिला नाही. यावरून माणूस म्हणजे फक्त मेंदू, असे सिद्ध होत नाही. मेंदूशिवाय या जगात माणसाचे चालत नाही, एवढेच सिद्ध होते. आपल्या फिकहला हे मान्य आहे. मेंदू पूर्णपणे आणि कायमचा बंद पडला तर माणूस मेला असे मानायचे का, हा प्रश्न जागतिक फिकह अकादमीसमोर आला. १९८६ मध्ये अम्मान येथे त्या अकादमीने 'होय' म्हटले. पुढच्याच वर्षी मक्केच्या फिकह परिषदेने म्हटले की यंत्रे काढता येतील, पण मृत्यू हृदय थांबल्यावरच धरावा. दोन्हीकडे मोठे उलेमा होते. कोणीही रूह तराजूवर ठेवली नाही आणि कोणीही प्रश्न विचारायला मनाई केली नाही. त्यांनी डॉक्टरांना बोलावले, खुणा विचारल्या आणि मग आपले मत दिले. अवयवदानाचा निर्णय घ्यायची वेळ आलेल्या एखाद्या कुटुंबाला हीच पद्धत उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप माझ्या पुरोगामी मित्रमैत्रिणींचा: एवढी कसरत कशाला, चेतापेशींपलीकडे काही नाही असे म्हणा आणि मोकळ्या व्हा. त्यांना मी एक गोष्ट सांगते. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कोख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती की २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण स्पष्टपणे सापडेल. २०२३ मध्ये कोख यांनी सगळ्यांसमोर पैज हरल्याचे मान्य केले. मेंदूत काय घडते ते बरेच कळले. पण ते घडताना 'मला' काहीतरी वाटते, ते का, हे कळलेले नाही. म्हणून रूह सिद्ध झाली, असे मी म्हणणार नाही; आज न कळलेल्या गोष्टीच्या फटीत अल्लाहला बसवायचे आणि उद्या ती फट बुजली की पळायचे, हा ईमानाचा अपमान आहे. पण प्रश्न सुटला आहे असे सांगणेही प्रामाणिकपणाचे नाही. थोडेच ज्ञान दिले गेले आहे, हे दोघांनाही लागू आहे.

मग करायचे काय? माझी मागणी फार मोठी नाही. दीनियातच्या तासाला मुलाने रूहविषयी विचारले तर त्याला उभे करू नका. बनी इस्राईलची ८५वी आयत मागच्या-पुढच्या आयतींसह त्याच्यासमोर उघडा आणि तिच्यावर काय काय मते झाली ते सांगा. माहीत नसेल तर 'आपण मिळून वाचू' म्हणा. जुम्माच्या खुतब्यात वर्षातून दोनदा तरी इमामसाहेबांनी सांगावे की उदासी, वसवसा, फिट येणे हे आजार आहेत आणि आजारावर इलाज करणे सुन्नत आहे. ज्या मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा लिहिल्या आहेत, त्याच फलकावर जवळच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागाचा वार आणि वेळ लिहा. मराठीत कुरआनवर लिहिणाऱ्यांनी रूह आणि नफ्स हे शब्द तसेच ठेवावेत आणि शेजारी अर्थ समजावून द्यावा. आणि एकवीस ग्रॅमचा संदेश पुन्हा आला, तर पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला एवढेच विचारा: भाई, उरलेल्या पाच रुग्णांचे काय झाले?